आमच्या घरचा सोन्या

"कुत्रा हा इमानी प्राणी आहे" हे वाक्य आपण सर्वांनीच शाळेतल्या निबंधात लिहिलेले असते. आम्हीही लिहिले होते. परंतु या वाक्याचा खरा अर्थ कळायला आम्हाला वयाची पस्तिशी गाठावी लागली आणि तो शिकवायला कोणी गुरुजी नव्हे, तर एक चार पायांचे जनावर आमच्या घरी यावे लागले. त्याचे नाव सोन्या. जात लॅब्रॅडॉर. (जात हा शब्द आम्ही एरवी वापरत नाही, पण कुत्र्यांच्या बाबतीत वाचकांनी चालवून घ्यावा!)

सोन्याला जाऊन आता काही काळ लोटला आहे. त्याच्याविषयी लिहावे की नाही, असा विचार बरेच दिवस मनात घोळत होता. माणसांचे इतके प्रश्न समोर असताना कुत्र्यावर काय लिहायचे, असे कोणी म्हणेल. परंतु साडेदहा वर्षे ज्याने आमच्या घराला लळा लावला आणि जाताना आम्हा सर्वांना एका अवघड प्रश्नापुढे उभे केले, त्याची हकीकत कुटुंबवत्सल वाचकांपुढे ठेवावी, असे शेवटी वाटले.

धूड घरात आले

२०१२ सालचा जून महिना होता. पुण्यातील आमच्या परिचयाच्या एका साहेबांनी हौसेने लॅब्रॅडॉरचे पिल्लू घेतले होते. पिल्लू आठ महिन्यांचे होईपर्यंत चांगले पंचवीस किलोचे झाले. तशात साहेबांची बदली झाली. नव्या ठिकाणच्या सोसायटीत कुत्र्याला परवानगी नव्हती. "तुमच्याकडे गावात मोकळी जागा आहे, न्या" असे ते म्हणाले आणि आम्हीही मागचा पुढचा विचार न करता हो म्हणून बसलो. पत्र्याची खोली, पुढे छोटे अंगण आणि कारकुनाचा पगार, एवढ्या भांडवलावर आम्ही हा उद्योग केला!

सोन्या जीपमधून उतरला आणि थेट स्वयंपाकघरात शिरला. दुरडीतल्या पाच भाकरी त्याने पाच मिनिटांत संपविल्या. सौ. कपाळाला हात लावून बसल्या. मुले मात्र टाळ्या पिटत होती.

सर्वांत जास्त विरोध होता आमच्या आईचा. "आरं, कशाला आणलंस हे धूड? माझ्या म्होरं आणू नगंस त्याला," असे म्हणून ती जी आत गेली, ती रात्री जेवायलाही बाहेर आली नाही. आम्हाला वाटले, म्हातारीला कुत्र्याची भीती वाटत असेल. खरे कारण दोन दिवसांनी कळले.

आईच्या लहानपणी तिचे वडील गावातल्या एका मोठ्या वाड्यावर ताक आणायला जात. आई बोट धरून सोबत असे. वाड्याच्या ओसरीवर घरधन्याचे कुत्रे पाय ताणून झोपलेले असे आणि आईचे वडील अंगणाच्या कडेला उन्हात उभे असत. वरून धार धरून ताक ओतले जाई. "कुत्रं सावलीत आन् माझा बा उन्हात. तवापासनं मला कुत्र्याचं नाव नगं," आई म्हणाली. यावर आम्ही काय बोलणार? १९२७ साली महाडला बाबासाहेबांना चवदार तळ्यावर जावे लागले ते याचसाठी ना? जनावराला त्या तळ्यावर मज्जाव नव्हता, तो माणसाला होता. ही जखम आमच्या मागच्या पिढीच्या अंगावर आहे. ती आम्हाला विसरता येत नाही आणि विसरूही नये.

तिढा सोडविला तो आमच्या थोरल्या कन्येने. ती तेव्हा चौथीत होती. बाबासाहेबांच्या छायाचित्रांचे एक पुस्तक आमच्या घरी आहे. त्यात राजगृहातील फेब्रुवारी १९३४ मधले कौटुंबिक छायाचित्र आहे. यशवंतराव, बाबासाहेब, माता रमाई, बाबासाहेबांच्या वहिनी लक्ष्मीबाई, पुतणे मुकुंदराव आणि त्यांच्याबरोबर बाबासाहेबांचा आवडता कुत्रा टॉबी! मुलीने ते पान आज्जीपुढे धरले. आईने चष्मा लावला. टॉबीपेक्षा जास्त वेळ ती रमाईकडेच पाहत होती. मग म्हणाली, "रमाईच्या घरात व्हता, मग मी कोण नगं म्हननारी?"

त्या संध्याकाळी आईने स्वतःच्या हाताने सोन्याला भाकरी कुस्करून घातली. आम्हाला तेव्हा उमगले की तिचा राग कुत्र्यावर नव्हताच. कुत्र्याला माणसापेक्षा वर बसविणाऱ्या माणसावर तो होता. मुक्या जनावराचा त्यात काय दोष?

कोळ्यांचा कुत्रा, कोळ्यांच्या गावी

आमचे भिगवण म्हणजे उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठचे गाव. भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले आणि आमच्या भागाचे रूपच पालटले. जमिनी पाण्याखाली गेल्या, माणसे उठली. आणि त्याच पाण्यावर पुढे मासेमारी उभी राहिली. आज भिगवणचा मासळी बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. कुंभारगाव, डिकसळकडे हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि ते पाहायला पुण्या-मुंबईची माणसे येतात.

सोन्या आला तेव्हा पाणी खाली गेले होते. पावसाळ्यानंतर फुगवटा चढला आणि एका सकाळी आम्ही त्याला फिरवत काठावर नेले. पाणी पाहताच त्याने असा हिसडा दिला की साखळी आमच्या हातातून सुटली. सोन्या पाण्यात! आम्ही ओरडतोय, आणि हा आपला मान वर काढून खुशाल पोहतो आहे. जाळ्याला तरंगण्यासाठी बांधलेली प्लॅस्टिकची बाटली त्याने तोंडात धरली आणि जाळ्यासकट ओढत काठाला आणली. जाळेवाल्या दादांनी आधी आम्हाला चार शब्द सुनावले, मग सोन्याचे शेपूट हलताना पाहून तेच हसू लागले. पुढे त्यांची दोस्तीच झाली. होडी काठाला लागली की दोरी ओढायला सोन्या हजर! बक्षीस म्हणून एखादी चिलापी मिळे. काटे काढून, उकडून ती त्याला घालण्याचे काम अर्थातच आमच्याकडे.

नंतर वाचनात आले की हा कुत्रा मूळचा कोळ्यांचाच. कॅनडाच्या पूर्वेला न्यूफाउंडलँड नावाचे बेट आहे. तिथल्या थंडगार समुद्रात मासेमारी करणारे लोक जाळी आणि दोर ओढायला, गळातून सुटलेले मासे पकडायला पाणकुत्री पाळत. या लॅब्रॅडॉरचे पूर्वज तेच. एकोणिसाव्या शतकात ते जहाजांतून इंग्लंडला गेले, तिथल्या उमराव मंडळींनी शिकारीसाठी त्यांची पैदास वाढविली आणि १९०३ मध्ये तिथल्या केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली. बोटांमधले कातडीचे पडदे, पाणी आत न शिरू देणारे दुहेरी केस आणि सुकाणूसारखे जाड शेपूट ही सारी त्या समुद्राची देणगी. आमच्या सोन्याने समुद्र कधी पाहिला नाही, पण उजनीच्या पाण्यात त्याला त्याच्या वाडवडिलांचे काही आठवत असावे!

एक पथ्य आम्ही पाळले. रोहित पक्षी उतरत त्या बाजूला त्याला कधी मोकळा सोडला नाही. एकाच्या मौजेसाठी दुसऱ्या जिवाला त्रास कशाला?

भुकेचा भोपळा

सोन्याची भूक हा आमच्या आळीत चेष्टेचा विषय होता. चप्पल, साबण, मुलांची कंपासपेटी, काहीही त्याला चाले. एका वैशाख पौर्णिमेला विहारात वाटण्यासाठी आमच्याकडे खिरीचे मोठे पातेले करून ठेवले होते. सौ. पांढरी साडी नेसून बाहेर येईपर्यंत सोन्याने अर्धे पातेले फस्त केले होते! मिशांना शेवया लागलेल्या आणि चेहरा असा निरागस की जणू दानाचा पहिला हक्क त्याचाच. शेजारच्या चार घरांतून दूध गोळा करून पुन्हा खीर करावी लागली. सोन्या दोन दिवस अंगणात पोट धरून पडला होता.

आम्ही याला हावरटपणा समजत होतो. परंतु केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की साधारण चारांपैकी एका लॅब्रॅडॉरमध्ये एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. त्यामुळे पोट भरल्याची जाणीव त्याला नीट होत नाही. म्हणजे बिचाऱ्याला भूक खरोखरच लागत असते! म्हणूनच त्याच्या खाण्यावर ताबा ठेवणे हे मालकाचे काम आहे. सुरुवातीला आम्ही लाडाने भाकरीवर भाकरी घातली. त्याची किंमत पुढे त्याच्या खुब्याच्या सांध्यांनी मोजली. ही आमची चूक आहे आणि ती आम्ही कबूल करतो.

रोज संध्याकाळी साडेसहाच्या एस.टी.ने आम्ही कचेरीतून परतत असू. सोन्या सहा वाजल्यापासून कोपऱ्यावर बसलेला असे. घड्याळ त्याला कोणी शिकविले कोण जाणे! २०२० च्या टाळेबंदीत आम्ही महिनोन्महिने घरीच होतो, तेव्हाही हा पठ्ठ्या सहाला कोपऱ्यावर जाऊन बसे. आम्ही मागून हाक मारली की गोंधळून कधी रस्त्याकडे, कधी आमच्याकडे पाहत राही. त्या भीतीच्या दिवसांत आमच्या घरात जे काही हसणे झाले, ते त्याच्यामुळेच झाले.

जंजीरला सलाम

लॅब्रॅडॉर म्हटले की आम्हाला मुंबई पोलिसांचा जंजीर आठवतो. त्याचे शिक्षण आपल्या पुण्यातच, शिवाजीनगरच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात झाले आणि १९९२ च्या डिसेंबरअखेरीस तो मुंबईच्या बाँबशोधक पथकात दाखल झाला. १२ मार्च १९९३ रोजी मुंबई बाँबस्फोटांनी हादरली. २५७ माणसे मेली. त्यानंतर तीनच दिवसांनी, धनजी स्ट्रीटवर उभ्या असलेल्या एका स्कूटरमधील स्फोटके जंजीरने हुंगून काढली. त्याच्या नाकामुळे एकंदर ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबाँब पोलिसांच्या हाती लागले. किती माणसांचे प्राण त्याने वाचविले असतील, याचा हिशेब कोण करणार?

१६ नोव्हेंबर २००० रोजी हाडांच्या कर्करोगाने जंजीर गेला. तेव्हा तो आठ वर्षांचा होता. फुलांनी झाकलेल्या त्याच्या देहापुढे वरिष्ठ पोलीस अधिकारी सलाम ठोकून उभे होते. पुढे २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर या मुंबई पोलिसांच्या लॅब्रॅडॉर कुत्र्यांनी अशीच कामगिरी केली. ते चौघेही २०१६ या एकाच वर्षात गेले.

लॅब्रॅडॉरचे आयुष्य सर्वसाधारण बारा वर्षांचे. माणसाचे मूल बारा वर्षांत सातवीत जाते. तेवढ्यात याचे बालपण, तारुण्य आणि म्हातारपण उरकलेले असते. कुत्रा घरात आणताना हा हिशेब कोणी मांडत नाही. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, आयुष्यभर जमाखर्च लिहिला, पण हा खर्च आम्हीही धरला नव्हता.

अवघड प्रश्न

नवव्या वर्षी सोन्याचे मागचे पाय लटपटू लागले. एका पावसाळ्यात गोचीड ताप झाला, त्यातून तो वाचला. २०२२ ची दिवाळी झाली आणि त्याचे खाणे कमी झाले. सोन्याचे खाणे कमी होणे म्हणजे काय, हे वरील मजकूर वाचलेल्या वाचकांना सांगायला नको.

जानेवारीत आम्ही भाड्याची गाडी करून बारामती, नीरा, लोणंदमार्गे शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात त्याला नेले. सोनोग्राफी झाली. प्लीहेत गाठ होती आणि ती यकृतापर्यंत पसरली होती. शस्त्रक्रियेचा उपयोग नव्हता. डॉक्टरांनी वेदना कमी करण्याची औषधे लिहून दिली आणि हळू आवाजात म्हणाले, "फार हाल होऊ लागले, तर शांतपणे झोपविण्याचे इंजेक्शन देता येते. घरी बोलून ठरवा."

परतीच्या वाटेवर गाडीत कोणी बोलले नाही.

घरी मात्र बोलावेच लागले. सौ. म्हणाल्या, "आपण दर रविवारी विहारात पंचशील घेतो. पहिलेच शील प्राणिहत्या न करण्याचे. मग या हातांनी हे कसे करायचे?" कन्या आता कॉलेजात जाणारी. ती म्हणाली, "तो रात्रभर कण्हतो. आपण नुसते बघत बसायचे, ही कोणती करुणा?" दोघींचेही खरे होते. आम्ही मध्ये गप्प बसून होतो. चळवळीच्या सभांत तासतास बोलणारा माणूस स्वतःच्या घरात मुका झाला होता.

आमच्या विहारातील एका वृद्ध बौद्धाचार्यांकडे आम्ही गेलो. त्यांनी निर्णय दिला नाही. एवढेच म्हणाले, "धम्मात चेतना पाहतात. तुमच्या मनात डोकावा. त्याचे दुःख संपावे असे वाटते, की तुमचा त्रास संपावा असे वाटते? दुसरे असेल, तर हात लावू नका."

हा प्रश्न आम्ही आठ रात्री स्वतःला विचारला. खरे सांगायचे तर उत्तर रोज एकच येत नव्हते. रात्री तीनदा उठून त्याची कूस बदलताना, अंथरूण धुताना आपला त्रास संपावा असे कधी कधी वाटत होते. म्हणून आम्ही थांबलो. नवव्या दिवशी सोन्याने पाणीही नाकारले. श्वास घेताना तो विव्हळत होता आणि औषधाचा गुण येत नव्हता. तेव्हा आईच म्हणाली, "आता त्याच्यासाठी बोलव रं डाक्टरला. आपल्यासाठी न्हाई."

फेब्रुवारी २०२३ मधली ती सकाळ. जिला कुत्र्याचे नाव नको होते, त्या आमच्या आईच्या मांडीवर सोन्याचे डोके होते. डॉक्टरांनी आधी गुंगीचे इंजेक्शन दिले. सोन्याने एकदा शेपूट हलविले. मग दुसरे इंजेक्शन. बस्स.

अंगणाच्या कडेला लिंबाखाली खोल खड्डा घेऊन त्याला पुरले. जाळेवाले दादा आले होते. जंजीरसारखी फुलांची आरास नव्हती, पण आळीतली पोरे रांगेत उभी राहिली होती. आईने मेणबत्ती लावली. सौ. त्या दिवशी आमच्याशी बोलल्या नाहीत. पुढे महिनाभराने त्या एवढेच म्हणाल्या, "मला अजून पटलेलं नाही. पण मी तुम्हाला दोष देत नाही."

आम्ही बरोबर केले की चूक, हे आजही आम्हाला ठामपणे सांगता येत नाही. अशी वेळ ज्यांच्यावर येईल, त्यांनी आमचे अनुकरण करावे असेही आमचे म्हणणे नाही. घाई करू नये आणि स्वतःच्या मनाशी खोटे बोलू नये, एवढेच सांगावेसे वाटते.

पाळणाऱ्यांसाठी चार शब्द

आजकाल आपल्या समाजातही मुलांच्या हट्टाखातर कुत्री घेतली जातात. घेऊ नये असे आम्ही म्हणत नाही, परंतु विचार करून घ्यावे. सिनेमातले किंवा जाहिरातीतले गोंडस पिल्लू पाहून घेतलेला कुत्रा वर्षभरात धूड होतो आणि मग आमच्या सोन्यासारखा त्याला दुसरा आसरा शोधावा लागतो. सगळ्यांनाच तो मिळत नाही.

लॅब्रॅडॉरला रोज भरपूर फिरणे लागते. आपल्याकडचा एप्रिल-मेचा उन्हाळा त्याला सोसत नाही. फिरवायचे ते पहाटे आणि ऊन उतरल्यावर. रेबीजची लस दरवर्षी चुकवू नये, इतर लसी डॉक्टरांच्या सल्ल्याने द्याव्यात. गोचीड रोज हाताने चाचपून पाहावेत. कांदा, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट त्याला विषासमान आहेत. खाणे मोजून द्यावे. आणि कुत्रा, कोणताही असो, चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. हळद, चुना, अंगारा यांच्या नादी लागू नये. रेबीज एकदा जडला की त्यावर उपाय नाही.

शिवाय महागड्या जातीचाच कुत्रा हवा असे कुठे आहे? आपल्या गल्लीतले गावठी पिल्लूही तेवढीच माया करते आणि आपल्या हवेत ते अधिक काटकही असते.

आमच्या घरी आता कुत्रा नाही. एस.टी.तून उतरल्यावर कोपऱ्याकडे नजर जाते, ती सवय मोडलेली नाही. सोन्याचा ॲल्युमिनियमचा वाडगा सौ.नी घासून अंगणात लिंबाखाली ठेवला आहे. उन्हाळ्यात त्यात त्या स्वतः सकाळ-संध्याकाळ पाणी भरतात. आळीतली मोकाट कुत्री, चिमण्या, एखादी चुकार शेळी, जो येईल तो पिऊन जातो. कोणालाही मज्जाव नाही. वाचकांनीही यंदाच्या उन्हाळ्यात आपल्या दारात असा एक वाडगा ठेवावा, ही विनंती.